बिचारी बॅटरी



कवी माणूस रेडिओवर बोलायला बसला म्हणजे आता कविता ऐकाव्या लागणार, असं वाटून काहींनी रेडिओ बंद करायला हात पुढे केला असेल. त्यांनी जरा थांबावं. आज कविता नाही. आज मी जुन्या मोटारसायकलच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहे. गाडी चालते, पळते, पेट्रोलही बेतानंच पिते. पण हॉर्न घशात काही अडकल्यासारखा वाजतो. इंडिकेटर लावला तर लुकलुकायचं सोडून तसाच लागलेला राहतो. ब्रेक दाबला तर मागचा लाल दिवा तेल संपत आलेल्या पणतीसारखा मिणमिणतो. आमच्या खानदेशात यावर एकच निदान आहे : ‘भो, बॅटरी बसी गयी.’ अहिराणीतलं हे वाक्य नंदुरबारपासून शहाद्यापर्यंत आणि तळोद्यापासून अक्कलकुव्यापर्यंत कुठल्याही गॅरेजसमोर उभं राहिलं की कानावर पडतं. माझी तक्रार या वाक्याविषयीच आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या जिल्ह्यात मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. सहा तालुके. त्यातल्या नंदुरबार आणि नवापूर या दोन तालुक्यांतून सुरत–भुसावळ रेल्वे जाते. तापी ओलांडून उत्तरेला गेलात की शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या चारही तालुक्यांत रेल्वे नाही. एसटी आहे, पण ती मोठ्या गावापर्यंत. तिथून पुढे पाड्यापर्यंतचा रस्ता पायांनी नाही तर दोन चाकांनी कापायचा. अंगणवाडीचं सामान, शाळेचे पेपर, आमचुराचं पोतं, तापानं फणफणलेलं लेकरू आणि त्याला पोटाशी धरून बसलेली आई, सगळं त्याच दोन चाकांवर. आणि ही दोन चाकं बहुतेक वेळा नवी नसतात. पंधरा-वीस वर्षं झालेली, दोन-तीन मालक पाहिलेली असतात. प्रत्येक मालकानं वायरिंगमध्ये आपापली एक वायर जोडलेली असते. जुन्या वाड्यात प्रत्येक पिढी एक पडवी काढते, तसंच.

‘गाडी चालते ना? मग झालं!’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. शहरातल्या सपाट रस्त्यावर ते एक वेळ चालेल. पण तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. शहाद्याहून तोरणमाळला चढतानाही तीच गत. समोरून काय येतंय ते वळणावर दिसत नाही. तिथे हॉर्न म्हणजे डोळा. उतरताना पुढच्यानं एकदम ब्रेक लावला तर मागच्याला ते सांगणारा एकच दिवा, आणि तो बॅटरीवर जळतो. काठीची होळी पाहायला रात्रभर माणसं डोंगरातून जात असतात, कारण ती होळी पेटते पहाटे. त्या गर्दीत, त्या अंधारात ज्या गाडीचा हॉर्न गेलाय ती गाडी मुक्या माणसासारखी असते. चालते, पण बोलत नाही. आणि चालते म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, हा या दुखण्यातला खरा धोका आहे.

आता ती बोलत का नाही, ते पाहू. त्यासाठी थोडं इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल.

मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. शिक्षण जेमतेम. पुस्तकांच्या बांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. पुस्तकाशी संबंध असलेल्या कुठल्याही माणसाला त्याच्याविषयी आपुलकी वाटावी असं हे चरित्र आहे. १८३१ मध्ये त्यानं दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. चुंबक थांबला की वीजही थांबते. एवढ्या एका गोष्टीवर आपल्या गाडीचं चार्जिंग उभं आहे. इंजिनाच्या डाव्या बाजूच्या गोल झाकणाखाली बहुतेक गाड्यांत एक जड चाक फिरत असतं. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. मध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर असतात. या सगळ्या प्रकरणाला गॅरेजमध्ये ‘मॅग्नेट’ म्हणतात आणि वेटोळ्याला ‘क्वाईल’. इंजिन फिरलं की चुंबक फिरतो आणि क्वाईलमध्ये वीज येते.

पण ही वीज येरझारा घालणारी. क्षणात इकडे, क्षणात तिकडे. बॅटरीला ती चालत नाही. बॅटरीला एकेरी रस्ता लागतो. म्हणून मध्ये सीटखाली किंवा टाकीखाली एक छोटी धातूची डबी असते, पंख्यासारखे काप असलेली. तिला ‘रेक्टिफायर’ म्हणा किंवा मिस्त्रींच्या भाषेत ‘आरआर युनिट’. ती दोन कामं करते. विजेला एका दिशेनं वळवते, आणि इंजिन जोरात फिरू लागलं की जादा वीज बॅटरीत घुसू देत नाही. तिथून वीज बॅटरीत. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल यांची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यानं १८५९ मध्ये केली आणि आजही तिचं मूळ रूप तेच आहे.

म्हणजे वाटेत क्वाईल, रेक्टिफायर आणि बॅटरी असे तीन मुक्काम, आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी, कपलर, फ्यूज. यातलं काहीही बिघडलं तरी शेवटी उपाशी राहते ती बॅटरी. आणि ती उपाशी राहिली की तिलाच आळशी ठरवून घराबाहेर काढतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

जुन्या काळच्या गाड्या या बाबतीत प्रामाणिक होत्या. जुन्या बुलेटच्या पुढच्या दिव्यावर, चालवणाऱ्याच्या नाकासमोर, एक लहानसा अँपिअर मीटर असायचा. काटा डावीकडे झुकला की बॅटरीतून वीज जातेय, उजवीकडे झुकला की येतेय. घरखर्चाची वही जणू उघडी ठेवलेली. म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी येझदी, तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तिच्यात डायनॅमो असे. चावी फिरवली की लाल दिवा लागायचा आणि इंजिनानं वेग घेतला की विझायचा. विझला नाही तर समजायचं, डायनॅमो कमावत नाही. मग झाकण काढून कार्बन ब्रश झिजलेत का, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग काळा पडलाय का, ते पाहायचं. निम्मी दुखणी तिथेच सापडत. शिवाय या गाड्यांत ठिणगीसुद्धा बॅटरीच्याच विजेवर पडायची. चार्जिंग गेलं की दोन-चार दिवसांत गाडी बंद. मालकाला लक्ष द्यावंच लागे.

पुढे शंभर सीसीच्या हलक्या गाड्या आल्या. हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ मध्ये आली आणि बघता बघता खेड्यापाड्यात पसरली. कंपनीचं नाव २०११ मध्ये बदललं, पण आमच्याकडे जुन्या गाड्यांना अजूनही हिरो होंडाच म्हणतात. अशा जुन्या गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटमध्ये स्वतंत्र क्वाईल असते. पुढचा दिवाही थेट मॅग्नेटवर जळतो, म्हणून तर रेस दिली की उजळतो आणि गाडी मंदावली की मंदावतो. बॅटरीकडे उरतात ती हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा अशी किरकोळ वाटणारी कामं. त्यामुळे बॅटरी पार मेली तरी किक मारली की गाडी चालू. सोय मोठी झाली. पण काटाही गेला आणि लाल दिवाही गेला. गाडी आपण होऊन काही सांगत नाही. तिला विचारावं लागतं.

या वाटणीचा एक फायदा मात्र आहे. हत्यार हातात न घेताही अर्धं निदान होतं. पुढचा दिवा ठीक पण हॉर्न आणि इंडिकेटर अशक्त, तर दोष बॅटरीच्या वाटेवर. हॉर्न खणखणीत पण पुढचा दिवा मेलेला, तर बल्ब, दिव्याची क्वाईल किंवा तिची वायर पाहा. बॅटरीला हात लावू नका. पुढचे बल्ब महिन्या-दोन महिन्यांनी उडतात, तर आरआर युनिट जादा वीज रोखत नाही, असा संशय घ्या. आणि बॅटरीतलं पाणी भराभर आटतंय, ती गरम होतेय, कुजक्या अंड्यासारखा वास येतोय, तर चार्जिंग कमी नाही, जास्त होतंय. तेही आजारपणच.

माझ्या ओळखीचे एक गुरुजी धडगावकडच्या एका आश्रमशाळेत आहेत. दर शनिवारी घाट उतरतात, रविवारी चढतात. त्यांनी सव्वा वर्षात तीन बॅटऱ्या बदलल्या होत्या. प्रत्येक वेळी हजाराच्या आसपास खर्च. नवी बॅटरी बसवली की पंधरा-वीस दिवस हॉर्न जोरात, मग हळूहळू घोगरा, मग गप्प. चौथ्या वेळी ते गॅरेजला निघाले होते, तेव्हा मी त्यांना वाटेत थांबवून एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेलं. मोहल्ल्यातलं छोटं दुकान. भिंतीवर पाने, पक्कड, पेचकस ओळीनं टांगलेले. उस्तादांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी मीटर काढला.

हा मीटर, मल्टिमीटर, दोन-चारशे रुपयांत मिळतो. एका बॅटरीच्या निम्म्या पैशांत. आमच्याकडच्या कित्येक गॅरेजांत तो नसतो, आणि असला तरी डब्यात पडलेला असतो, कारण ‘अंदाज आहे ना!’ अंदाजाला मी कमी लेखत नाही. पण गझल लिहिणाऱ्यालासुद्धा शेवटी मात्रा मोजाव्या लागतात. कानाला ओळ बरोबर वाटते आणि बोटं सांगतात की एक मात्रा कमी आहे. तेव्हा बोटांचं ऐकावं.

उस्तादांनी काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण हे कुणालाही घरी करता येतं. गाडी तास-दोन तास बंद ठेवलेली हवी. मीटर डीसी व्होल्टवर, वीसच्या आकड्यावर. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि भरलेला प्रत्येक कप्पा २.१ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२ दाखवली तर ती जवळजवळ रिकामी. हे पाहून अनेक जण फसतात. बॅटरीवर १२ लिहिलंय, मीटरही १२ दाखवतोय, म्हणजे सगळं ठीक! नाही. गुरुजींच्या गाडीत आकडा होता ११.९.

मग गाडी चालू करायची, न्यूट्रलमध्ये, टोकं तशीच ठेवून. हळूहळू रेस वाढवायची. आकडा साडेतेराच्या वर चढून १४-साडेचौदापर्यंत जाऊन थांबला तर चार्जिंग ठीक आहे. मग बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. १५ च्या पुढे पळू लागला तर रेक्टिफायर बदला, नाहीतर बॅटरी उकळेल. आणि रेस दिली तरी आकडा जागचा हलला नाही, तर बॅटरी निर्दोष असू शकते. तिला काही मिळतच नाही. गुरुजींच्या गाडीचा आकडा बारा पॉइंट एक-दोनवर घुटमळत राहिला. तीन बॅटऱ्यांचा हिशेब तिथेच लागला. नवी बॅटरी दुकानातून जी पुंजी घेऊन यायची, ती संपेपर्यंत हॉर्न वाजायचा.

आता चोर कुठे आहे? उस्तादांनी लगेच क्वाईल काढायला घेतली नाही. स्वस्त ते आधी, महाग ते नंतर. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली होती. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं ती धुतली (हे पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये), कोरडं केलं, व्हॅसलीन लावलं. मग अर्थची वायर. ती चेसिसला जिथे बोल्टनं आवळलेली असते तिथे रंग आणि गंज असला तर वीज परत यायला वाटच मिळत नाही. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं जागा घासली, आवळला. आकडा थोडा सुधारला, पण पुरेसा नाही.

मग त्यांनी मीटरचं लाल टोक आरआर युनिटमधून निघणाऱ्या लाल वायरीला लावलं. या घराण्याच्या गाड्यांत युनिटला बहुधा चार वायरी असतात. पांढरी चार्जिंगच्या क्वाईलकडून येणारी, पिवळी दिव्याच्या क्वाईलकडून, हिरवी म्हणजे अर्थ आणि लाल बॅटरीकडे जाणारी. दुसऱ्या कंपन्यांत रंग वेगळे, तेव्हा हा पाढा सगळीकडे म्हणू नये. तर गाडी चालू, रेस दिलेली, आणि युनिटच्या तोंडाशी आकडा चौदाच्या वर! तिकडे बॅटरीपाशी साडेबारासुद्धा नाही. म्हणजे क्वाईल कमावतेय, युनिट कमावलेलं पाठवतंय आणि दीड-दोन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. वायरीवरून बोट फिरवत उस्ताद सीटखालच्या प्लॅस्टिकच्या कपलरपाशी थांबले. तो गरम लागत होता. उघडला तर आतली पितळी पात हिरवी पडलेली, ढिली झालेली आणि भोवतालचं प्लॅस्टिक तपकिरी. घाटातला पाऊस तिथे मुरला होता. पात बदलली, वायर खरवडून नीट दाबली, डाग लावला. बॅटरीपाशी आकडा आला १४.१. मजुरी झाली ती बॅटरीच्या किमतीच्या जवळपासही नव्हती. उस्तादांनी गुरुजींकडून आणखी एकच गोष्ट मागितली. जुन्या तीन बॅटऱ्यांपैकी एखादी घरी असेल तर घेऊन या, म्हणाले, तिच्यात जीव असेल.

सगळ्याच कथा इतक्या स्वस्तात संपत नाहीत, हेही सांगायला हवं. युनिटच्या तोंडाशीच आकडा नसेल तर एक पायरी मागे जावं लागतं. कपलर सोडवून, मीटर एसीवर ठेवून, क्वाईलकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरीची वीज इंजिन चालू असताना पाहायची. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. पाहायचं ते एवढंच की रेस वाढवली तसा तो वाढतो का. वाढत असेल आणि पुढे काही निघत नसेल, तर दोष युनिटचा. वाढतच नसेल तर इंजिन बंद करून ओहम मोजा. चार्जिंगची क्वाईल या लहान गाड्यांत एक ओहमच्या अलीकडे-पलीकडे असते. इतक्या बारीक मापात मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोधही मिसळतो. म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली. झाकण काढल्यावर वेटोळं काळं पडलेलं, जळका वास येणारं दिसलं तर तपासायचंही कारण नाही.

क्वाईल जळाली तर नवी घ्या किंवा रिवायंडिंग करा. आपला भाग शेतीपंपांचा. उसाला, केळीला, पपईला पाणी देणाऱ्या मोटारी दर उन्हाळ्यात जळतात, म्हणून मोटारी भरून देणारे कारागीर इथे गावोगाव आहेत. त्यांच्यातले काही गाडीच्या क्वाईलही भरतात. फक्त दोन गोष्टी विचाराव्या. तार जुन्याइतक्याच जाडीची आणि वेढे तितकेच असतील ना? आणि वार्निश तेलात नि उष्णतेत टिकणारं आहे ना? इंजिनाच्या पोटातली उष्णता विहिरीवरच्या मोटारीपेक्षा निराळी. एवढं सांभाळलं तर हाताच्या कामाची क्वाईल वर्षानुवर्षं चालते.

आता थोडं आपल्या सवयींविषयी. या गाड्यांची बॅटरी असते केवढी? १२ व्होल्ट, अडीच अँपिअर-तास. गुणाकार केला तर ३० वॅट-तास. आजच्या साध्या स्मार्टफोनची बॅटरी १५ ते २० वॅट-तासांची असते. म्हणजे शेतावर गाडी बंद ठेवून तिच्यावर एक फोन पूर्ण भरला की निम्म्याहून जास्त बॅटरी त्या फोनानं पिऊन टाकली. वर लाल-निळ्या पट्ट्या, ट्रकचा हॉर्न, जादा वॅटचा बल्ब. एका बिचाऱ्या क्वाईलवर किती संसार लादायचे? ब्रेकचा स्विच अडकून मागचा दिवा सतत जळत राहतो, हे तर चालवणाऱ्याला कळतही नाही, कारण तो त्याच्या पाठीमागे असतो. १० वॅटचा दिवा भरलेली बॅटरी तीन तासांत रिकामी करू शकतो. एखाद्या संध्याकाळी गाडी चालू ठेवून, ब्रेक न दाबता, घरच्यांपैकी कुणाला तरी मागे जाऊन पाहायला सांगा.

काहींची बॅटरी गाडी चालताना भरते आणि रात्रीतून रिकामी होते. यालाही उपाय मीटरच. चावी काढून घ्यायची, बॅटरीची मायनसची वायर सोडवायची आणि तिच्या नि बॅटरीच्या मध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडायचा. तेव्हा किक मारायची नाही आणि चावी फिरवायची नाही. जुन्या साध्या गाडीत आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर एकेक कपलर सोडवत जा. आरआर युनिट सोडवल्यावर आकडा शून्यावर आला तर दिवसा भरणाराच रात्री गळती लावतोय असं समजा.

रस्त्यावरच्या गॅरेजातली एक पद्धत मात्र अगदी बंद व्हायला हवी. गाडी चालू असताना बॅटरीची वायर उपटायची आणि ‘बघा, चालतेय, म्हणजे चार्जिंग आहे’ असं सांगायचं. एक तर या गाड्या बॅटरीविना चालतातच, तेव्हा त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे बॅटरी नसताना व्होल्टेज उसळतं आणि चांगलं युनिट, बल्ब जळू शकतात. वायर टेकवून ठिणगी पाहण्याची पद्धतही त्याच जातीची. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्यापाशी ठिणगी नको, विडीही नको. पाणी कमी झालं तर डिस्टिल वॉटरच घालायचं, खुणेच्या रेषेपर्यंत; नळाचं नाही, आणि ‘जोर येईल’ म्हणून आम्ल तर मुळीच नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिशीकडे सरकतो. तेव्हा ही रेषा महिन्यातून एकदा तरी बघावी.

नव्या गाड्यांचं गणित बदललंय. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि तो बंद करायची कळच नसते. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि बऱ्याच गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंधन आत सोडणारी विजेची यंत्रणा आली. त्यांना बॅटरी हवीच, पार रिकामी झाली तर किकसुद्धा कामी येईल असं नाही. त्यामुळे तिथे दुर्लक्ष फार दिवस टिकत नाही. जुनी गाडी मात्र दुर्लक्ष सहन करत राहते.

बॅटरी खरोखरच संपते, तेही असतं. चार्जरवर रात्रभर ठेवून भरली, सकाळी १२.६ दाखवते; पण ब्रेक दाबून, इंडिकेटर लावून, हॉर्न वाजवला की आकडा धाडकन दहा-नऊवर कोसळतो. तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमलेले असतात, आत काही उरलेलं नसतं. महिनोन्महिने रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीचं असं होतं. मजुरीला गुजरातेत गेलेल्या माणसाची गाडी ओट्यावर उभी राहते आणि तो परत येईपर्यंत बॅटरी गेलेली असते. जाण्यापूर्वी बॅटरी भरून, मायनसची वायर काढून ठेवली आणि शेजाऱ्याकडून महिन्यातून एकदा चार्ज करवून घेतली तर ती वाचू शकते.

अशी खरोखर मेलेली बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका. आत शिसं आणि आम्ल आहे. ते आम्ल अंगणात ओततात, शिसं चुलीवर वितळवतात, आणि पोरं शेजारी खेळत असतात. शिशाचं विष मुलांच्या मेंदूवर चढतं आणि ते पुन्हा उतरत नाही. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी २००१ च्या नियमांनी उत्पादकांवर आणि विक्रेत्यांवर टाकली होती. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, त्यांतही ती उत्पादकांवर आहेच. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या, तो तिचे पैसे वळते करून देतो. नेताना उभी धरा, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.